कशावरून?

फोनवर सुडोकूचं कुठलंही फुकट ॲप उघडा आणि एखाद्या रिकाम्या घरात मुद्दाम चुकीचा आकडा भरा. बहुतेक ॲपांमध्ये तो तत्क्षणी लाल होतो. वर कुठेतरी 'चुका : १/३' असं दिसतं. तीन चुका झाल्या की खेळ खलास, किंवा मग अर्ध्या मिनिटाची जाहिरात बघा आणि पुढे चला. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. लोकलमध्ये उभ्या उभ्या वेळ घालवायचा असतो, आपण घालवतो. पण तेच ॲप आठ वर्षांच्या मुलाच्या हातात द्या आणि शेजारी गप्प बसून बघा. पहिल्या पाच मिनिटांत त्याला सुडोकूचे नियम कळतात. पुढच्या पाच मिनिटांत त्याला ॲपचा नियम कळतो : आकडा घाल, लाल झाला तर दुसरा घाल. यानंतर तो जे खेळत असतो ते सुडोकू नसतं. माझ्या धंद्यात याला ओळखीचं भावंड आहे. कोड का चालत नाही हे समजून न घेता, टेस्ट हिरव्या होईपर्यंत इकडचं तिकडे करत राहणारा इंजिनियर. तोही शेवटी हिरव्यापर्यंत पोचतो.

मुलांना तर्काची कोडी शिकवायची म्हणजे काय शिकवायचं, याबद्दल माझी तक्रार इथूनच सुरू होते. आणि तिच्यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. 'तर्क' हा शब्द न्यायशास्त्रात भले भारदस्त असेल, पण घरात आपण तो कसा वापरतो? 'उगाच तर्क लढवू नकोस.' 'लोक तर्कवितर्क करायला लागले.' म्हणजे अंदाज, अटकळ, हवेतले बाण. आणि ही कोडी नेमकी त्याच्या उलट आहेत. इथे बाण सोडायचाच नाही. अमुक घरात ३ 'असेल' असं नाही, ३ 'आहेच', दुसरं काही असूच शकत नाही, असं म्हणता येईपर्यंत पेन्सिल टेकवायची नाही.

आता या कोड्यांना 'जपानी' का म्हणायचं? कारण सुडोकू मुळात जपानी नाही. ते हॉवर्ड गार्न्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाचं. १९७९ साली डेल कंपनीच्या कोड्यांच्या मासिकात ते 'नंबर प्लेस' म्हणून आलं होतं. जपानमध्ये १९८० साली माकी काजी आणि त्यांच्या मित्रांनी निकोली नावाचं कोड्यांचं नियतकालिक काढलं (नाव शर्यतीच्या एका घोड्याचं, काजींना रेसचा भारी नाद), आणि १९८४ मध्ये त्यांनी हे कोडं उचललं. नाव दिलं ते भलंमोठं, साधारण अर्थ 'आकडे अविवाहितच असले पाहिजेत'. त्याचं आखडून झालं सुडोकू. पण निकोलीने केलेली खरी गोष्ट नामकरण ही नाही. खरी गोष्ट संपादन. त्यांनी १९८६ च्या सुमारास दोन अटी घातल्या : आधी भरून दिलेले आकडे ३२ पेक्षा जास्त नसावेत, आणि त्यांची मांडणी सममित असावी. शिवाय कोडी माणसांनी, हाताने बनवलेली. बरीचशी वाचकांनीच पाठवलेली, आणि कोड्यासोबत बनवणाऱ्याचं नाव किंवा टोपणनाव छापलेलं. म्हणजे कवितेखाली कवीचं नाव असतं तसं.

मग हे कोडं जगभर गेलं, आणि तिथे एक गोष्ट वाटेत गळाली. हाँगकाँगमधले निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांना १९९७ मध्ये टोकियोतल्या एका पुस्तकाच्या दुकानात सुडोकू दिसलं. त्यांनी पुढची सहा वर्षं खपून सुडोकू बनवणारा प्रोग्राम लिहिला, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये त्यांचं कोडं छापून आलं. त्यानंतर वर्षभरात जगातलं कुठलंही वर्तमानपत्र उघडलं तरी सुडोकू होतंच. आपल्या मराठी दैनिकांतही ते शब्दकोड्याशेजारी येऊन बसलं. जे जगभर पोचलं ते सुडोकू होतं. निकोली मागेच राहिलं.

हा फरक नुसता हळवेपणा नाही, तो तांत्रिक आहे, म्हणून थोडं तांत्रिक बोलतो. सुडोकू बनवणारा प्रोग्राम लिहिणं हे कॉलेजातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं काम आहे. आधी पूर्ण भरलेला तक्ता तयार करायचा. मग एकेक आकडा काढायचा, आणि प्रत्येक वेळी तपासायचं की उत्तर अजून एकच आहे ना. दुसरं उत्तर निघालं तर काढलेला आकडा परत ठेवायचा. हे तपासणारा भाग बहुधा बॅकट्रॅकिंग करतो : एक आकडा घालून बघतो, पुढे अडलं की मागे येतो, दुसरा घालतो. म्हणजे मुलाने जे करू नये असं मी म्हणतोय, तेच यंत्र सेकंदाला लाखो वेळा करतं. त्याला फक्त एवढंच कळतं की उत्तर एक आहे. त्या उत्तरापर्यंत माणसाच्या पायांनी जाता येईल अशी वाट आहे का, वाटेत कुठे थबकायला होईल, कुठे मजा येईल, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. सममितीचं कौतुक मला फारसं नाही. ती चार ओळींच्या कोडने आणता येते. आणता येत नाही तो क्रम. हाताने बनवलेल्या चांगल्या कोड्यात बनवणाऱ्याला माहीत असतं की आता तुमची नजर डाव्या कोपऱ्याकडे जाणार, तिथे तुम्ही अडकणार, आणि सुटका उजवीकडच्या बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या ५ मध्ये आहे. रहस्यकथेत हेच तर असतं.

अर्थात सगळी यंत्रं सारखी नसतात. सायमन टॅथम यांचा कोड्यांचा संग्रह (फुकट, जाहिराती नाहीत, फोनवरही चालतो) मला मुलांसाठीच्या बहुतेक विकतच्या ॲपांपेक्षा कैक पटींनी आवडतो. तिथे प्रोग्राम स्वतः तयार केलेलं कोडं माणसासारख्या पायऱ्यांनी सोडवून बघतो, आणि ठरवलेल्या पायऱ्यांनी सुटलं नाही तर फेकून देतो. सुडोकूच्या सगळ्यात वरच्या पातळीचं नावच त्यांनी 'अवाजवी' या अर्थाचं ठेवलंय, कारण तिथे अंदाज करून मागे यावं लागू शकतं. एवढा प्रामाणिकपणा मला इतर कुठल्या ॲपात सापडलेला नाही. तेव्हा यंत्र वाईट आणि हात चांगला, असं सरळसोट काही मला म्हणायचं नाही. मुलाने आकडा भरल्यावर समोरून काय उत्तर येतं, यावर सगळं आहे.

तेत्सुया मियामोतो यांचं उत्तर होतं : काहीच नाही.

मियामोतो हे योकोहामातले गणिताचे शिक्षक. त्यांनी आपल्या वर्गातल्या मुलांसाठी २००४ मध्ये जे कोडं बनवलं ते आज केनकेन म्हणून ओळखलं जातं. ('केन' म्हणजे शहाणपण, म्हणजे शहाणपणाचा वर्ग.) त्यांची पद्धत 'न शिकवता शिकवणं' म्हणून प्रसिद्ध आहे. मुलाला कोडं द्यायचं आणि बाजूला व्हायचं. युक्ती सांगायची नाही, सूचना द्यायची नाही, अडल्यावर सोडवून दाखवायचं तर मुळीच नाही. ऐकायला हे आळशी मास्तरांना सोयीचं वाटेल. पण हे चालतं, कारण शिकवण्याचं काम कोड्यातच भरून ठेवलेलं असतं.

केनकेनचं अगदी छोटं उदाहरण घेऊ. तीन बाय तीनचा तक्ता. प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत १, २, ३ एकेकदाच. काही घरांभोवती जाड रेघ आणि कोपऱ्यात बेरीज दिलेली. समजा वरच्या ओळीतली पहिली दोन घरं जाड रेघेत आहेत आणि बेरीज आहे ३. मूल लगेच म्हणतं, १ आणि २. कुठे १ आणि कुठे २? ते माहीत नाही. इथे मूल थांबतं. काही मुलं चिडतात, काही 'आधी १ लिहून बघू' म्हणतात. आणि मग केव्हातरी, दोन मिनिटांनी किंवा पुढच्या रविवारी, त्यांना दिसतं की ही दोन घरं अजून कळलेली नसली तरी तिसरं कळलंय. तिथे ३ आहे. ३ च आहे.

एवढ्याशा या गोष्टीवर मी फार वेळ घालवला आहे. दोन गोष्टी माहीत नाहीत, आणि त्या माहीत नसतानाच तिसरी पक्की माहीत आहे. शाळेच्या गणितात ही भेट बरीच उशिरा, बीजगणितात होते, आणि तिथेही 'क्ष मानू' या मंत्राखाली दबून जाते. इथे ती सात वर्षांच्या मुलाला तीन बाय तीनच्या तक्त्यात होते, आणि घडवून आणणारं कुणी नसतं. आता कल्पना करा, त्या थांबण्याच्या वेळी ॲपचा दिवा पेटला आणि 'तिसऱ्या घरात ३ भरा' म्हणाला. आकडा तोच, घर तेच. मुलाच्या हातात मात्र काही आलं नाही.

मियामोतोंवर माझा एक आक्षेप आहे, आणि तो किरकोळ नाही. जपानमध्ये त्यांची पुस्तकं 'शहाणं करणारी कोडी' अशा अर्थाच्या नावाने विकली जातात, आणि त्यांच्या वर्गाची कीर्ती मुख्यतः नामांकित शाळांच्या प्रवेशपरीक्षांमुळे आहे. म्हणजे वर्गात शांतता आणि वर्गाबाहेर रांग. कोडं सोडवून मूल कोडी सोडवण्यात हुशार होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यापुढचं कुठलंही आश्वासन मला बाजारू वाटतं. मेंदूच्या व्यायामाचे खेळ विकणाऱ्या लुमॉसिटीला फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून २०१६ मध्ये अमेरिकेत तडजोडीपोटी २० लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे ॲबॅकस आणि 'ब्रेन डेव्हलपमेंट'चे फलक लावणाऱ्या गल्लोगल्लीच्या क्लासेसना तसं कुणी विचारत नाही. काजी या बाबतीत मला जवळचे वाटतात. त्यांच्या मासिकाचा सगळा सूर 'गंमत आहे म्हणून करा' असा. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा जगभरच्या मृत्युलेखांत 'सुडोकूचे गॉडफादर' असं छापून आलं. बुद्ध्यांक वाढवणारे म्हणून नव्हे.

महाराष्ट्रात वाढलेल्यांना आणखी एक अडचण आहे. आपण 'बुद्धिमत्ता' नावाचा विषय शाळेतच परीक्षेसाठी शिकलो. माझ्या वेळी स्कॉलरशिप चौथी आणि सातवीला होती, पुढे काही वर्षं ती पाचवी आणि आठवीला गेली. तिथे संख्यामालिका येतात : १, २, ४, पुढे काय? दुप्पट केलं तर ८. आधी एक मिळवला, मग दोन, आता तीन, असं म्हटलं तर ७. दोन्ही बरोबर आहेत, पण पर्यायांत एकच असतो, आणि मग मूल काय शिकतं? पेपर काढणाऱ्याच्या मनात काय असेल ते ओळखायला. हाही एक उपयोगी गुण आहे, नोकरीत मला रोज लागतो. पण सुडोकूत, केनकेनमध्ये, स्लिदरलिंकमध्ये कुणाच्या मनात काय आहे याला किंमत नाही. सगळं कागदावर आहे. बाईंनी बरोबरची खूण करायची गरज नाही, उत्तरं शेवटच्या पानावर बघायची गरज नाही. मुलाला स्वतःलाच कळतं की हे बरोबर आहे, आणि ते मोठ्या माणसालाही सुनावू शकतं. वयाच्या आठव्या वर्षी असे किती प्रसंग येतात?

गेली दोन वर्षं रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतली पाच-सहा मुलं माझ्याकडे कोडी सोडवायला येतात. क्लास नाही, फी नाही, पोहे असतात. मियामोतोंइतकं गप्प राहणं मला जमत नाही, तेव्हा मी स्वतःला एकच शब्द बोलायची मुभा दिली आहे : 'कशावरून?' मूल म्हणतं, इथे ४ येतो. मी म्हणतो, कशावरून? ते चूक असो वा बरोबर, प्रश्न तोच. हे महत्त्वाचं आहे. फक्त चुकल्यावर विचारलं तर तो शब्दच लाल रंग होऊन बसतो. सुरुवातीला उत्तर यायचं 'दादा, मला वाटतंय'. मग हळूहळू 'कारण या ओळीत दुसरीकडे ४ ला जागाच नाही'. आता तीच मुलं एकमेकांना कशावरून विचारतात, आणि घरी आईबाबांनाही. एका आईने मला लिफ्टमध्ये गाठून याबद्दल सुनावलं.

सुडोकू मी मुद्दाम उशिरा देतो. त्यात ८१ घरं, आणि चूक झाली तर ती अर्ध्या तासाने कळते, एका ओळीत दोन ७ दिसल्यावर. तोवर कुठे बिनसलं ते शोधणं अशक्य. सगळं खोडा. याने मुलं रडतात, आणि रडणं रास्त आहे. लाल आकड्याची गरज ज्यांना वाटते त्यांचा मुद्दा मला इथे पटतो. फक्त माझा उपाय वेगळा आहे : कोडं लहान घ्या. पाच बाय पाचच्या कागदात चूक लांब पळून जाऊ शकत नाही.

स्लिदरलिंक त्या दृष्टीने सुंदर आहे. निकोलीत १९८९ मध्ये आलं, दोन वाचकांच्या कल्पना एकत्र करून. ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या मुलीला ते समजावून सांगावं लागत नाही. ठिपके जोडून एकच बंद रेघ काढायची, तिने स्वतःला छेदायचं नाही, फाटे फुटू द्यायचे नाहीत. चार ठिपक्यांमधल्या घरात आकडा असेल तर त्याच्या तेवढ्या बाजूंवरून रेघ जाते. आता अगदी कोपऱ्यातल्या घरात ३ आहे. चारपैकी एक बाजू गाळायची. कुठली? कोपऱ्यातल्या ठिपक्याला दोनच बाजू मिळतात. रेघ तिथे एकीकडून आली तर दुसरीकडून बाहेर पडलीच पाहिजे. म्हणजे त्या दोन्ही बाजू आहेत, किंवा दोन्ही नाहीत. दोन्ही नसतील तर उरल्या दोन, आणि हव्यात तीन. तेव्हा दोन्ही आहेत. ही साखळी मी इथे चार वाक्यांत लिहिली. एका नऊ वर्षांच्या मुलाला ती सापडायला तीन रविवार लागले. सापडली तेव्हा त्याने तिला 'कोपऱ्यातला तिघाडा' असं नाव दिलं. इंटरनेटवर हा नमुना स्लिदरलिंकच्या प्रत्येक मार्गदर्शकात पहिल्या पाचात असतो, चित्रासकट, पाठ करायला. पाठ केलेल्या मुलाला कोपऱ्यात १ आला की पुन्हा यादी बघावी लागते. तिघाडावाल्याने १ कडे एकदा बघितलं आणि दोन्ही बाजूंवर फुल्या मारल्या.

नावांवरून आठवलं. नुरिकाबे नावाचं एक कोडं आहे, काळ्या-पांढऱ्या घरांचं. आकडे म्हणजे बेटं आणि त्यांच्याभोवती सलग काळी भिंत. नुरिकाबे हे जपानी लोककथेतलं भूत. रात्री चालणाऱ्या माणसासमोर अदृश्य भिंत होऊन उभं राहतं. डावीकडून जा, उजवीकडून जा, भिंत संपत नाही. आपल्या चकव्याचं हे जपानी भावंडच. फरक इतका की नुरिकाबेवर इलाज आहे : काठीने भिंतीच्या वरच्या बाजूला कितीही मारा, उपयोग नाही, खालच्या बाजूला फिरवली की ती नाहीशी होते. मुलांना ही गोष्ट सांगितली तेव्हापासून कुणी अडलं की दुसरं ओरडतं, 'खाली मार!' आणि खरंच, ते कागदाच्या दुसऱ्या टोकाकडे बघायला लागतं.

यानंतरची पायरी बहुतेक जण घेतच नाहीत. मुलांनी कोडं बनवायची. निकोलीचं निम्मं चैतन्य तिथून आलेलं आहे. वाचक सोडवता सोडवता बनवणारे झाले. शिकाकू याला सगळ्यात सोपं. तक्त्याचे आयत पाडायचे, प्रत्येक आयतात एकच आकडा, आणि आकडा म्हणजे त्या आयतातली घरं. बनवायला चौकटीची वही पुरते. मुलं आधी आयत आखतात, आकडे लिहितात, रेघा खोडतात आणि मित्राला देतात. मित्र सोडवतो, पण उत्तर वेगळंच येतं. मग जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात. कोडं चुकलं की सोडवणारा? नियम तर एकही मोडलेला नाही.

एका मुलीच्या कोड्यात हे एका कोपऱ्यातल्या चार घरांत झालं होतं. दोन बाय दोनचा चौकोन, त्यात दोन २, तिरपे समोरासमोर. आडवे दोन आयत पाडा, चालतात. उभे पाडा, तेही चालतात. तिने तो चौकोन वेगळ्या पानावर काढला, बराच वेळ बघितला, आणि एक २ शेजारच्या घरात सरकवला. आता दोन्ही २ डावीकडे, एकाखाली एक. उभं पाडलं तर एकाच आयतात दोन आकडे येतात. आडवंच पाडावं लागतं. मी सवयीने विचारलं, कशावरून? तिने वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "तुम्हीच उभं पाडून दाखवा."

तिरप्या २ चं जुनं कोडंही तिने फाडलेलं नाही. त्याच्याखाली लिहिलंय, 'याची दोन उत्तरं आहेत, दोन्ही काढा.'